इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि आपली मोटारसायकल

ऊस किंवा मका पिकावरील चर्चासत्र संपत आले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. खतांच्या मात्रेबद्दल विचारून झालेले असते, किडींबद्दल विचारून झालेले असते, आणि मग मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतो, "साहेब, ते इथेनॉलचं पेट्रोल आमच्या गाडीला चालतं का?" प्रश्न रास्त आहे. ज्या उसापासून आणि ज्या मक्यापासून हे इथेनॉल तयार होते तो आपल्याच रानातून गेलेला असतो, आणि ज्या गाडीच्या टाकीत ते परत येते ती गाडीही आपलीच असते. शिवाय ती गाडी बहुधा दहा-बारा वर्षे जुनी, दुधाचे कॅन आणि खताची गोणी वाहून थकलेली असते. ती ऐन हंगामात बंद पडली तर होणारा खोळंबा शहरातल्या माणसाच्या खोळंब्यापेक्षा मोठा असतो.

या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. गॅरेजमध्ये सांगतात की इथेनॉलने इंजिन बाद होते. जाहिरातीत सांगतात की काहीच होत नाही. दोन्ही मते अपुरी आहेत. इथेनॉलमुळे गाडीच्या इंधन यंत्रणेत काही बदल निश्चित घडतात. परंतु मोठे नुकसान बहुतांशी इथेनॉल, पाणी आणि उभी राहिलेली गाडी ही तीन कारणे एकत्र आल्यावर होते. त्यातील शेवटची दोन कारणे आपल्या हातातील आहेत. प्रस्तुत लेखात त्याविषयी माहिती दिली आहे.

पार्श्वभूमी

आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक काम २००१ साली तीन ठिकाणी सुरू झाले. त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन ठिकाणे महाराष्ट्रातील होती. तिसरे उत्तर प्रदेशातील बरेलीजवळचे आंवला. जानेवारी २००३ पासून ९ राज्ये व ४ केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू करण्यात आले. त्यानंतर बरीच वर्षे हे काम रडतखडत चालले. जून २०२२ मध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर पोहोचली, फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के मिश्रणाची विक्री निवडक पंपांवर सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. २० टक्के मिश्रणास 'ई-२०' व १० टक्के मिश्रणास 'ई-१०' असे म्हणतात. म्हणजे आज आपण पंपावर साधे पेट्रोल मागितले तरी आपल्याला बहुतेक ठिकाणी ई-२० च मिळते. जुन्या गाडीसाठी वेगळे, कमी इथेनॉलचे पेट्रोल निवडण्याची सोय ठेवलेली नाही. ती असावयास हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. याबाबतची याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली, त्यामुळे तूर्त आहे त्या इंधनात गाडी नीट ठेवणे एवढाच मार्ग उरतो.

इथेनॉल तयार कसे होते हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे, कारण पुढील सर्व गोष्टींचे मूळ तेथेच आहे. मळी, उसाचा रस किंवा मक्याच्या पिठापासून केलेले साखरेचे द्रावण यीस्टच्या साहाय्याने आंबवले जाते व नंतर आसवनीत त्याचे ऊर्ध्वपातन केले जाते. परंतु ऊर्ध्वपातन कितीही वेळा केले तरी साधारण ९५ टक्क्यांच्या पुढे शुद्धता जात नाही. शेवटचे पाणी इथेनॉल सोडतच नाही. ते काढण्यासाठी विशिष्ट चाळणीसारख्या पदार्थातून त्याची वाफ न्यावी लागते, तेव्हा कोठे पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगे, ९९.५ टक्क्यांच्या आसपास शुद्ध इथेनॉल मिळते. इतक्या कष्टाने पाण्यापासून वेगळे केलेले हे इथेनॉल पुन्हा पाणी शोधत असते. गुळाची ढेप पावसाळ्यात उघडी ठेवली की जशी ओलावा ओढून घेते, तसाच हा प्रकार आहे.

ॲव्हरेज किती कमी होते?

एक लिटर पेट्रोलमध्ये जेवढी ऊष्मा असते त्याच्या साधारण दोन-तृतीयांश ऊष्मा एक लिटर इथेनॉलमध्ये असते. या हिशेबाने ई-२० मध्ये निव्वळ पेट्रोलपेक्षा सुमारे ७ टक्के ऊष्मा कमी असते. जी गाडी निव्वळ पेट्रोलवर लिटरला ६० किलोमीटर धावत होती, ती जास्तीत जास्त चार किलोमीटर कमी धावेल. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात ई-१० साठी जुळवलेल्या दुचाकींच्या बाबतीत ही घट ३ ते ४ टक्के धरली आहे. तेव्हा दोन ते चार किलोमीटरची तक्रार खरी मानावी. परंतु 'साठाची गाडी पंचेचाळीसवर आली' असे कोणी म्हणत असेल तर त्याचा दोष इथेनॉलला देऊन स्वस्थ बसू नये. एअर फिल्टर तुंबलेला असणे, चोक अर्धवट अडकलेला असणे, ब्रेक चाकाला घासत राहणे, टायरमध्ये हवा कमी असणे किंवा कोठेतरी पेट्रोल झिरपणे यांपैकी एखादे कारण तेथे असतेच.

कमी ऊष्मेचे इंधन त्याच दराने का, हा प्रश्नही शेतकरी विचारतात. सन २०२४-२५ मध्ये मक्यापासूनच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे व उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे दर होता. इथेनॉल स्वस्त नाही हे त्यावरून दिसते. हा पैसा कारखान्यामार्फत अंशतः आपल्याकडेच येतो हे खरे असले तरी ज्याच्या शेतात ऊसही नाही आणि मकाही नाही त्याची तक्रार त्यामुळे खोटी ठरत नाही.

इथेनॉलची एक जमेची बाजूही सांगितली पाहिजे. त्याचा ऑक्टेन अंक जास्त असल्याने ई-२० पेट्रोलचा ऑक्टेन अंक ९५ असतो. पूर्वीच्या साध्या पेट्रोलचा तो ९१ असे. चढावर, भार असताना इंजिनमधून येणारी 'टकटक' त्यामुळे कमी होते.

जुन्या कार्ब्युरेटरची अडचण

इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के प्राणवायू असतो. म्हणजे ते जळण्यासाठी लागणारी काही हवा स्वतःबरोबरच घेऊन येते. निव्वळ पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात, तर ई-२० च्या एका भागास सुमारे १३.५ भाग पुरतात. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बी.एस.-६ गाड्यांमध्ये बहुतेक ठिकाणी इंजेक्शन पद्धत आहे. धुराच्या नळीतील संवेदक शिल्लक प्राणवायू मोजतो व त्याप्रमाणे पेट्रोल थोडे वाढवले जाते. कार्ब्युरेटरला असे काही कळत नाही. त्यातील जेटचे छिद्र ठरावीक मापाचे असते व त्यातून पूर्वीइतकेच पेट्रोल येते. परिणामी मिश्रणात हवा जास्त होते. थंडीत सकाळी गाडी लवकर सुरू न होणे, ॲक्सिलेटर पिळल्यावर क्षणभर दम खाणे, हळू चालीवर बंद पडणे ही त्याची लक्षणे होत. इथेनॉलची वाफ होण्यास पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता लागते, हेही थंडीतील त्रासाचे एक कारण आहे. अशा वेळी चोक नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ ठेवावा. किक मारून मारून दमू नये.

मिश्रण बरोबर आहे किंवा नाही हे स्पार्क प्लगवरून ओळखता येते. दहा-पंधरा किलोमीटर सरळ चालवून प्लग काढून पाहावा. टोक विटकरी किंवा फिकट तपकिरी असल्यास ठीक समजावे. पांढरे फटक असल्यास हवा जास्त होत आहे. अशा वेळी जाणत्या मिस्त्रीकडून कार्ब्युरेटरची जुळणी करून घ्यावी. बाजूचा लहान स्क्रू फिरवून फक्त हळू चालीतील फरक पडतो, भरधाव चालीत पडत नाही. त्यासाठी एक माप मोठा जेट बसवावा लागतो. तो प्रत्येक गाडीला लागेलच असे नाही.

रबरी भाग

इंधन नळी, कॉकमधील वायसर, कार्ब्युरेटरच्या वाटीचे गॅसकेट, सुईचे रबरी टोक, टाकीच्या झाकणाचे पॅकिंग हे सर्व भाग रबराचे असतात. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉल शोषून फुगते व मऊ पडते. पुढे ते वाळले की आकसते, कडक होते आणि चिरते. म्हणून रोज चालणाऱ्या गाडीपेक्षा कधी भरलेली, कधी कोरडी अशा गाडीचे रबर लवकर जाते. पुण्याची ए.आर.ए.आय. ही वाहन संशोधन संस्था, डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑईल यांनी मिळून ई-२० च्या ज्या चाचण्या घेतल्या त्यांत धातू व धातूंवरील मुलाम्यात दोष आढळला नाही. रबरी भाग मात्र निव्वळ पेट्रोलच्या मानाने कमी टिकल्याचे दिसून आले. केंद्र शासनानेही २०२५ मध्ये जुन्या काही गाड्यांचे रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात हे मान्य केले.

एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांमध्ये ई-२० ला टिकणारे भाग घातलेले असतात. माहिती पुस्तिकेत तसा उल्लेख आहे का ते पाहावे. गाडी त्यापूर्वीची असल्यास, आणि विशेषतः कार्ब्युरेटरची असल्यास, एकदा हे सर्व रबरी भाग बदलून घ्यावेत. बाजारात मिळणारी कोणतीही पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावण्याची पद्धत आहे, ती सोडावी. अशी नळी काही महिन्यांत पिवळी व काडीसारखी कडक होते आणि कॉकच्या तोंडाशी चिरते. खाली गरम इंजिन असते, हे विसरू नये. नळी, वायसर व गॅसकेट यांचा खर्च नव्या कार्ब्युरेटरच्या मानाने किरकोळ आहे. टाकीचे छिद्र लांबी भरून बुजवलेले असल्यास त्या जागेवरही लक्ष ठेवावे. इथेनॉलने अशी लांबी मऊ पडून सुटू शकते.

आणखी एक गोष्ट. इथेनॉल टाकीतील जुना चिकट थर व गंज सोडवून आणते. म्हणून सुरुवातीच्या काही टाक्यांत फिल्टर व जेट वारंवार तुंबतात. हा कचरा इथेनॉलने तयार केलेला नसून आपल्या टाकीत अगोदरच साठलेला असतो. टाकी एकदा धुऊन घेतली व नळीत लहान फिल्टर बसवला की हा त्रास थांबतो.

खरा शत्रू: पाणी

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. निव्वळ पेट्रोलमध्ये पाणी जवळजवळ विरघळत नाही. थेंबभर पाणी टाकीत गेले तरी ते तळाशी मण्यासारखे पडून राहते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल मात्र काही प्रमाणात पाणी स्वतःत सामावून घेते. ई-१० मध्ये १५ ते १६ अंश सेल्सिअस तापमानाला लिटरमागे सुमारे ५ मि.लि. पाणी सामावते; ई-२० मध्ये त्याहून अधिक सामावते. हे सामावलेले पाणी पेट्रोलबरोबर इंजिनात जाऊन वाफ होऊन निघून जाते. येथपर्यंत इथेनॉलचा उपयोगच होतो.

परंतु ही मर्यादा ओलांडली, किंवा रात्री तापमान उतरल्याने मर्यादाच खाली आली, की इंधन फाटते. विरजलेल्या दुधाचे जसे दोन भाग होतात तसे दोन थर होतात. पाणी एकटे वेगळे होत नाही. ते आपल्याबरोबर बरेचसे इथेनॉल ओढून घेते आणि हा जड थर तळाशी बसतो. मोटारसायकलचा कॉक तळाशीच असतो. रिझर्व्हची नळी तर सर्वांत खालून ओढते. म्हणजे इंजिनाला पहिल्यांदा मिळते ते पाणी व इथेनॉलचे न जळणारे मिश्रण. गाडी 'रिझर्व्हला लावली आणि बंद पडली' यामागे पुष्कळदा हेच कारण असते. वर उरलेल्या पेट्रोलमधील इथेनॉल निघून गेल्याने त्याचाही ऑक्टेन अंक घटलेला असतो. वरून नवे पेट्रोल ओतून फाटलेले इंधन पूर्ववत होईल असे समजू नये. टाकी पूर्ण रिकामी करून वाळवावी लागते.

तळाच्या या थराचा दुसरा उपद्रव म्हणजे गंज. पोलादी टाकी आतून तांबूस होते. कार्ब्युरेटरचे शरीर जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे, व जेट पितळेचे असतात. पाणीमिश्रित इथेनॉलमधून थोडी वीज वाहू शकते, त्यामुळे दोन वेगवेगळ्या धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया घडते. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या टर्मिनलवर जशी पांढरी-हिरवी भुकटी जमते, तशीच भुकटी कार्ब्युरेटरच्या वाटीत जमते आणि केसाएवढ्या छिद्राचा जेट बंद होतो. चाचण्यांत धातूंना काही झाले नाही आणि गावात मात्र कार्ब्युरेटर खराब झालेले दिसतात, या दोन्ही गोष्टींत विसंगती वाटत असेल तर तिचा उलगडा या पाण्यात आहे.

हे पाणी येते कोठून? हवेतील ओलाव्याचा बाऊ फार केला जातो. बंद झाकणाच्या टाकीत हवेतून येणारा ओलावा हळूहळू वाढतो. रोज चालणाऱ्या गाडीत तो साठण्याआधीच पेट्रोल संपते. बारा लिटर ई-१० फाटण्यास सुमारे ६० मि.लि., म्हणजे अर्धा कप पाणी लागते, आणि ई-२० ला त्याहून अधिक. एवढे पाणी बहुधा थेटच आत आलेले असते. झाकणाचे पॅकिंग गेलेले असते आणि गाडी अंगणात पावसात उभी असते. झाकणाभोवतीच्या खाचेत पाणी साठते, तेथील पाणी बाहेर नेणारे बारीक छिद्र मातीने बुजलेले असते आणि पाणी आत झिरपते. विहिरीवरील मोटरच्या पाइपने गाडी धुताना झाकणावर थेट धार मारली जाते. काही वेळा पाणी पंपाच्या जमिनीखालील टाकीतूनच येते. मुसळधार पावसानंतर ज्या पंपाच्या आवारात पाणी साचले असेल तेथे शक्यतो पेट्रोल भरू नये. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा आपणांस हक्क आहे व तो जरूर वापरावा. परंतु त्या चाचणीने रॉकेल-तेलाची भेसळ कळते, पाणी कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

पाणी पाहण्याची सोपी रीत अशी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सुरू न करता, कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या वाटीखालील निचऱ्याचा स्क्रू सैल करावा व निघालेले पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे. बाटली स्थिर ठेवून उजेडात धरावी. तळाशी वेगळा थर अथवा सरकणारा थेंब दिसल्यास टाकीत पाणी आहे असे समजावे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे हेही घरी अंदाजे पाहता येते. काचेच्या १०० मि.लि. मोजपात्रात ५० मि.लि. पेट्रोल घेऊन त्यात ५० मि.लि. पाणी घालावे, हलवावे आणि दहा मिनिटे स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर ६० च्या आसपास आल्यास ते ई-२०, ५५ च्या आसपास आल्यास ई-१० समजावे, एखाद-दुसऱ्या मि.लि.चा फरक पडतो. हे काम उघड्यावर, चूल-विडीपासून दूर करावे व ते पेट्रोल परत टाकीत ओतू नये. याच रीतीने संपूर्ण टाकीचे इथेनॉल 'धुऊन' काढण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो असे ऐकिवात आहे. तसे मुळीच करू नये. उरलेले पेट्रोल ओलसर व कमी ऑक्टेनचे होते आणि आपण २० टक्के पैसे पाण्यात घालतो, तेही अक्षरशः.

गाडी उभी ठेवावयाची असल्यास

पावसाळ्यात रानातली वाट बंद होते, किंवा घरातील मुलगा शिकावयास जातो आणि गाडी दोन-दोन महिने गोठ्याच्या कडेला उभी राहते. तीन लिटर पेट्रोल तळाशी व वर सगळी मोकळी हवा, ही स्थिती सर्वांत वाईट. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते. रात्री थंड होते, ओली हवा आत येते आणि टाकीच्या वरच्या पत्र्यावर दव धरते. कार्ब्युरेटरच्या वाटीत तर काही चमचेच पेट्रोल असते. त्याचा हलका भाग उडून जातो व मागे चिकट रोगण उरते.

म्हणून महिनाभरासाठी गाडी ठेवताना टाकी जवळजवळ भरून ठेवावी, कॉक बंद करावा आणि वाटीतील पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. त्याहून अधिक काळ ठेवावयाची असल्यास टाकी पूर्ण रिकामी करून, कोरडी करून, आत चमचाभर इंजिन ऑईल फिरवून ठेवावी. इंजेक्शनच्या गाडीला बाहेरचा कॉक नसतो व तिचा पंप टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. त्याला पेट्रोलनेच थंडावा मिळतो, म्हणून अशी गाडी सतत रिझर्व्हवर चालवू नये, आणि उभी असल्यास पंधरा दिवसांतून एकदा पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी. दोन्ही प्रकारांत गाडीवर छप्पर असावे. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळल्यास आत घाम धरतो, त्यापेक्षा मोकळी ताडपत्री बरी.

वरील सर्व गोष्टी पेट्रोलवरील फवारणी यंत्रास व गवत कापणीच्या यंत्रास अधिकच लागू पडतात, कारण ही यंत्रे वर्षातून मोजकेच दिवस चालतात. दोन स्ट्रोकच्या यंत्रात तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. इंधन फाटून तळाचा पाणीदार थर यंत्रात गेला तर त्यात तेल नसते आणि पिस्टन कोरडा घासला जातो. म्हणून तेलमिश्रित पेट्रोल त्या आठवड्याला लागेल तेवढेच तयार करावे, घट्ट झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवावे व फवारणीचा हंगाम संपताच टाकी आणि कार्ब्युरेटर दोन्ही रिकामे करावेत. उरलेले मिश्रण पुढील हंगामासाठी राखून ठेवू नये.